पुण्यातले वाडे बघायचेत? मग शनिवारवाडा शेवटी ठेवा

पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना पहिल्यांदा शनिवारवाड्यावर नेतो आणि दिल्ली दरवाजातून आत शिरल्यावर त्यांचा चेहरा पडलेला मी कितीदा तरी बघितलाय, कारण आत बाग आहे, दगडी जोती, म्हणजे नुसते चौथरे, आहेत आणि वर मोकळं आभाळ. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं, मग दिसणार काय? पण ज्यानं आयुष्यात एकही वाडा आतून बघितला नाही त्याला नुसत्या जोत्यावरून वाडा डोळ्यासमोर येणार तरी कसा. म्हणून मी आता आमच्याकडे कुणी आलं की आधी बाकीचे वाडे दाखवते आणि शनिवारवाडा अगदी शेवटी.

एका दिवसात उरकायला जाऊ नका. दोन सकाळी काढा, त्यातली एक रविवारची आणि एक कामाच्या दिवसाची, कारण पुढं सांगते. गाडी अजिबात नेऊ नका, पेठांमध्ये पार्किंग शोधण्यातच जीव जातो, मेट्रोनं कसबा पेठ किंवा मंडई स्टेशनला उतरा आणि चाला. सकाळी सातला सुरवात केली तर दुकानांची शटर बंद असतात, रस्त्यावर गाड्या कमी असतात आणि मान वर करून वरचे मजले निवांत बघता येतात. दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर गेली ना की खरं जुनं पुणं तिथंच आहे, लाकडी कठडे, महिरपी, कुठंतरी गजाच्या खिडकीत वाळत घातलेली साडी. पायात पटकन काढता येईल अशी चप्पल घाला आणि फोनचा टॉर्च चार्ज असू द्या, जिने अंधारे असतात.

पहिला थांबा विश्रामबागवाडा, बाजीराव रोडवर. आत केव्हा सोडतात त्याची आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला बांधलेला हा वाडा, नंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथंच संस्कृत पाठशाळा काढली आणि त्यातूनच पुढं डेक्कन कॉलेज झालं. १८७९ मध्ये यालाही आग लागली होती, पण हा उभा राहिला. आत शिरायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दर्शनी भाग नीट बघा, ते सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि वरची छत्रीसारखी मेघडंबरी. फोटो मग काढा, आधी पाच मिनिटं नुसतं बघा.

आता वाडा वाचायचा कसा ते सांगते, एवढं एकदा जमलं की पुढं कुठल्याही पेठेत काम होतं. मोठ्या दरवाजातच एक छोटं दार असतं, ती दिंडी, रोजची ये-जा तिच्यातून आणि वाकूनच आत जायचं. दरवाजामागे भिंतीत दोन खाचा दिसतात का बघा, रात्री त्यात आडवा अडसर सरकवायचे. आत लगेच दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, त्या देवड्या. मग चौक, आणि चौक हा वाड्याचा जीव आहे, उजेड आणि वारा इथूनच चारी बाजूंच्या खोल्यांना मिळतो, पावसाचं पाणी इथंच पडतं, तुळशीवृंदावन, आड किंवा हौद इथंच. चौकाला लागून ओसरी, आल्यागेल्यानं बसायचं, हिशेबाची कामं, मुलांची परवचा, झोपाळा. ओसरीच्या मागं माजघर, मग देवघर, स्वयंपाकघर, म्हणजे जसजसं आत जावं तसतसं घर खाजगी होत जातं आणि अंधारही वाढत जातो. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला दिवाणखाना. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, घर केवढं हे खणावर सांगायचे. मान वर केलीत तर छताला तुळयांवर फळ्या दिसतील, तो कडीपाट. भिंती खाली काळ्या दगडाच्या आणि वर विटामातीच्या, इतक्या जाड की जिना भिंतीच्या पोटातूनच वर गेलेला असतो. भिंतीतले कोनाडे, देवळ्या, खुंट्या मोजा, कपाट नसलेल्या घरात सामान कसं ठेवत होते ते कळतं.

हौदाचं जरा जास्त सांगायला पाहिजे. बऱ्याच वाड्यांत पाणी कात्रजहून यायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून बांधीव नळानं पाणी शहरात आणलं, नुसत्या उतारावर, पंप नाही काही नाही, आणि मध्ये मध्ये हवा बाहेर पडायला उच्छ्वास ठेवले. काळा हौद, बाहुलीचा हौद, नाना हौद ही सगळी त्याच पाण्याची नावं. आपण बसस्टॉपचं नाव म्हणून ते घेतो आणि पुढं जातो, तसं करू नका, थांबून विचारा हौद कुठं होता, एखादे आजोबा नक्की दाखवतात.

विश्रामबागवाड्यावरून चालत केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरोघर फिरून जमवलेल्या वस्तू, राजा नावाचा त्यांचा लहान मुलगा गेला, त्याच्या नावानं मांडलेल्या, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. मला हे संग्रहालय फार जवळचं वाटतं कारण इथं राजेरजवाड्यांपेक्षा घर दिसतं, अडकित्ते, समया, दौती, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे. विश्रामबागवाड्यात रिकामे कोनाडे बघितलेत ना, त्यात काय असायचं ते इथं आहे. कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानी महालही इथंच परत उभा केलाय.

कामाच्या दिवसाची सकाळ कसब्यासाठी, कारण तांबट आळीतली ठोकठोक रविवारी ऐकायला मिळेलच असं नाही. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके मारायचं काम, चाललेलं दारातून दिसतं, विचारलं तर लोक आनंदानं दाखवतात, पण काम थांबवून पोज द्यायला लावू नका. एखादी छोटी वाटी तरी घ्या. तिथून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती, छोटंसं काळ्या दगडाचं देऊळ, पण दर्शनी भिंतीवर साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि इंग्रज शिपाई कोरलेत ते शोधाच.

राहत्या वाड्यात जायचं तर पद्धत पाळा. ते लोकांचं घर आहे. दिंडीतूनच हाक मारायची, "काकू, आहात का? वाडा बघायला आलोय, चौकापर्यंत येऊ का?" नाही म्हणाल्या तर राग मानू नका, रोज कुणीतरी कॅमेरा घेऊन आलं तर आपल्यालाही आवडणार नाही. हो म्हणाल्या तर चप्पल ओसरीच्या खाली, फोटो विचारून, दोरीवरचे कपडे आणि माणसं फोटोत नकोत, आणि लाकडी जिन्यावर एका वेळी एकच जण. पावसाळ्यात मात्र जुन्या वाड्यात शिरूच नका, महापालिकेची धोकादायकची नोटीस लागली असेल तर बाहेरूनच बघा, भिंती भिजल्या की खरंच कोसळतात.

नारायण पेठेत एका आजींनी मला आत घेतलं होतं, चहा दिला आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर हात ठेवून म्हणाल्या, "पानशेतचं पाणी इथपर्यंत." १२ जुलै १९६१. धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे मातीच्या भिंती विरघळून बसले, शहराचा चेहराच त्या दिवशी बदलला. उरलेल्यांचं हळूहळू झालं, १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, एक नळ, संडासाला रांग. म्हणून वाडा पाडून बिल्डिंग केलेल्या माणसाला मी नावं ठेवत नाही. फक्त पाडायच्या आधी कुणीतरी फोटो काढावेत, मोजमाप घ्यावं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करावं असं फार वाटतं.

आणि पेशवाईपाशीच थांबू नका. गंज पेठेतला महात्मा फुले वाडा बघितल्याशिवाय पुणं बघितलं असं मी मानत नाही. साधं, बसकं घर, कोरीवकाम नाही, पण याच घरातला हौद जोतिरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. वर हौदाचं सांगितलं ते आठवा आणि मग या हौदापाशी उभे राहा. जोतिरावांची समाधी पण इथंच आहे. मुलींची शाळा १८४८ मध्ये जिथं भरली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा मात्र आता नाही, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला, दगडूशेठच्या दर्शनाला गेलात की समोर ती जागा बघून या.

एवढं झालं की मग शनिवारवाडा, दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर. तिकीट काढून आत शिरताना आधी दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे बघा, दिंडी बघा, आणि आतली वाट सरळ न जाता वळते ते लक्षात घ्या, शत्रूला दौडत येता येऊ नये म्हणून. मग जोत्यांकडे जा, तिथं फलक वाचायची घाई नको. बरोबरच्यांना विचारा, चौक कुठला, दिवाणखाना कुठं असेल. गेल्या दिवाळीत माझी दहा वर्षांची भाची बराच वेळ एका जोत्यावर इकडून तिकडं चालत होती, मग एका जागी बसली आणि म्हणाली, "मावशी, ओसरी इथं असणार, इथून चौकात कोण आलं ते दिसतं बघ."