ओंजळीतले पाणी : शृंगार लिहिताना आणि टिपताना

सातवाहनकाळाशी जोडल्या गेलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत कवितासंग्रहात पाणपोईवरचा एक प्रसंग आहे. वाटसरू वर पाहत पाणी पितो आणि पिणे लांबावे म्हणून ओंजळीची बोटे विरळ करतो. पाणी घालणारी तरुणीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या दोन ओळींत ना स्पर्श आहे ना प्रेमाचा उच्चार, तरी दोघांची इच्छा लपत नाही. शृंगार रंगवू पाहणाऱ्याने इथूनच शिकायला सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

कथेत आधी दोघांच्या हातांना काम द्यावे आणि ते गरजेपेक्षा सावकाश होऊ द्यावे. ‘तिला त्याची ओढ वाटली’ असे सांगण्याऐवजी, चादरीची घडी घालताना टोके जुळली तरी तिने आपले टोक सोडले नाही, एवढे लिहिले तरी पुरते. मराठीत तर सर्वनामही कामी येते. इतके दिवस ‘तुम्ही’ म्हणणारी व्यक्ती एकदाच ‘तू’ म्हणून जाते आणि समोरचा काही न बोलता ते स्वीकारतो. मात्र त्या एका ‘तू’साठी आधीची सगळी पाने ‘तुम्ही’ काटेकोरपणे सांभाळलेले असावे लागते. इच्छा दोन्हीकडून दिसली पाहिजे, हे सर्वांत महत्त्वाचे. ती धार बारीक झाली नसती, तर गाथेत केवळ टक लावून पाहणारा पुरुष उरला असता.

छायाचित्रातही ‘जवळ या, हसा’ असे सांगू नये. चहा गाळायला किंवा गजरा माळायला सांगावे. खिडकीतून बाजूने येणारा प्रकाश पुरेसा असतो. ८५ मिमीची लेन्स लावून दोन-तीन मीटर मागे उभे राहिले, की दोघांना कॅमेऱ्याचा हळूहळू विसर पडतो. एफ/२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे असताना, एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा धूसर होण्याची शक्यता असते, म्हणून दोघांचे भाव हवे असतील तर चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवून एफ/४ किंवा एफ/५.६ हे लहान छिद्र वापरावे. कपाळे टेकण्याआधीचे बोटभर अंतर टिपावे.

काय टिपायचे आणि ते कुठे दाखवायचे, याची लेखी संमती दोघांकडूनही आधीच घ्यावी. नंतर चित्रे प्रथम त्यांनाच दाखवावीत, आणि दोघांपैकी एकालाही संकोच वाटला, तर ते चित्र कितीही साधलेले असले तरी त्यांच्यासमोर पुसून टाकावे.