पालकांना खुर्ची देऊ नका

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पीटी शिकवते. पालकांना मैदानावर बोलवायचं तर खुर्च्या मांडायच्या नाहीत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. खुर्ची दिसली की आई बसते, आणि आई बसली की पोरगंही तिला येऊन टेकतं.

सुरुवात लंगडीने करा. फक्की सोडून काही लागत नाही, आणि आयांना ती शिकवावी लागत नाही. शनिवारी सकाळी, लोक डेअरीला दूध घालून मोकळे झाले की बोलवा. निरोपात 'व्यायाम' शब्द नको. 'शेतात काय कमी होतो का?' असं उत्तर येतं, आणि ते खरंच आहे. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला आपण बोलावतो ते तिच्या पोरासाठी. 'मुलांबरोबर लंगडी खेळायला या' एवढंच लिहा.

लंगडी अनवाणी खेळायची, म्हणून आदल्या दिवशी खडे वेचून घ्या. माझ्याकडून एकदा हे राहिलं. एका आईच्या टाचेत खडा रुतला, आणि पुढचे तीन शनिवार ती आली नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

दहा-बारा पावलांचा चौकोन आखा. पहिल्या डावात आयांनी लंगडी घालायची, मुलांनी पळायचं. उलटं करू नका. पदर खोचून, एक पाय मुडपून आई आपल्यामागे येतेय, हे पोराने बघितलं पाहिजे. तासाला कायम कोपऱ्यात उभी राहणारी दुसरीतली एक मुलगी त्या दिवशी 'माझी आई आली, माझी आई!' असं ओरडत चौकोनभर पळाली. डाव एका मिनिटाचाच ठेवा. पाय बदलला तर मोठ्यांना माफ. गुडघे दुखत असतील किंवा दिवस गेले असतील, तर त्यांच्याकडे शिट्टी आणि गडी मोजणं द्या.

वडील भिंतीला टेकून उभे राहतात. तुम्ही हाक मारू नका, त्यांच्या पोराला हात धरून आणायला पाठवा. आज्ज्या आल्या तर फुगडीचा फेर त्याच धरतात.

पण शनिवारने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, मोठ्यांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं. एकदम तासभर कुणी काढत नाही. तुकडे पाडून द्या. मी घरी सूर्यनमस्कार देते. त्यांचा प्रसार करणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आमच्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे, त्यामुळे पालकांना ते आपले वाटतात. सकाळी पाच नमस्कार, सगळे एका रांगेत. कुणी किती घातले ते मुलाने वहीत लिहायचं, आणि सोमवारी वही न चुकता बघायची.

गेल्या सोमवारी एका वहीत होतं : 'मी ५, आई ५, बाबा २. बाबांना उद्या लवकर उठवणार.'