झिरो टर्न मॉवर शिकताना: लक्ष मागच्या दोन चाकांवर

मुरबाडला घरच्या शेतात मी ट्रॅक्टर चालवायचो. नवी मुंबईत एका मोठ्या कॅम्पसच्या बागकामावर लागलो तेव्हा सुपरवायझरने तेवढंच ऐकून मला झिरो टर्नवर, म्हणजे वर बसून चालवायच्या, जागच्या जागी वळणाऱ्या गवत कापायच्या मशीनवर बसवलं. पहिल्याच वळणाला मी कुंपणाच्या जाळीत घुसलो. ब्लेड सुरू नव्हतं म्हणून निभावलं. ट्रॅक्टर चालवलेला माणूस घाबरला की हात स्टिअरिंग फिरवायला जातात आणि पाय ब्रेक शोधतो. इथे स्टिअरिंग नाही आणि चालतं मशीन थांबवायला पायाशी ब्रेकही नाही. मांड्यांसमोर दोन दांडे आहेत, तेवढेच.

मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःची वेगळी हायड्रॉलिक ड्राइव्ह असते. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही सारखे पुढे ढकलले की मशीन सरळ जातं, मध्ये आणले की थांबतं, दोन्ही मागे ओढले की रिव्हर्स. एक पुढे आणि एक मागे केला तर जागच्या जागी गिरकी घेतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी फिरतात, ती कुठेही वळवत नाहीत. म्हणजे वळवणं आणि थांबवणं, दोन्ही कामं मागच्या दोन चाकांवर. त्यांची पकड सुटली की दोन्ही एकदमच जातात. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण मला ते फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षीचा जून होता. आमच्या कॅम्पसच्या मागे धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतचा आणि सखल, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला असे तलाव केलेत, आणि आमच्या तलावाच्या काठाला उतरतं लॉन आहे. आदल्या रात्री सर येऊन गेली होती. सकाळी गवत वरून सुकलेलं दिसत होतं, बुडाशी ओलं होतं. मी काठाने आडवा कापत चाललो होतो. वरच्या अंगाचं चाक सटकलं, मशीनचं तोंड पाण्याकडे वळलं, मी दोन्ही दांडे मागे खेचले. चाकं उलटी फिरत होती आणि मशीन तसंच खाली घसरत होतं. तलावाच्या दगडी कडेला डेक, म्हणजे मशीनच्या पोटाखालचं ब्लेडवरचं लोखंडी कवच, अडकला आणि थांबलो. डोक्यामागची रोलबार, म्हणजे मशीन उलटलं तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान, उभी होती, पण पट्टा मी लावलेला नव्हता. मशीन उलटलं असतं तर मी त्याच्याखाली गेलो असतो.

रोलबार उभी असेल तर पट्टा लावायचाच. खाली लोंबणाऱ्या फांद्यांसाठी ती दुमडावी लागली, तर तेवढ्यापुरता पट्टा काढायचा आणि बाहेर आल्याबरोबर दोन्ही परत. उताराचं म्हणाल तर बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, काहींत त्याहून कमी. १५ अंश म्हणजे एक मीटर आडवं गेल्यावर जमीन साधारण २७ सेंटिमीटर चढते. मोबाइलवर लेव्हलचं अ‍ॅप असतं, फळी ठेवून मोजून घ्या. मी स्वतः १० च्या पुढे जात नाही, आणि ओल्या गवतात उतारावर अजिबात नाही. पाणी, गटार, बांध यांच्यापासून मशीनच्या दोन रुंदीइतकं अंतर सोडायचं, तिथलं गवत ब्रश कटरने, म्हणजे हातात धरायच्या कापणी यंत्राने काढायचं. तरीही घसरायला लागलंच तर ब्लेड बंद करा आणि हळूहळू सरळ खाली उतरा. दांडे झटक्याने खेचू नका, माझी चूक तीच होती.

पहिला आठवडा ब्लेड लावूच नका. सपाट मोकळ्या जागेवर, कमी वेगात, फक्त दांडे. खड्ड्यात मशीन उडालं की हात हलतो, हात हलला की मशीन आणखी उडतं. म्हणून कोपर अंगाशी आणि बोटं सैल. सरळ रेघ हवी असेल तर चाकापुढे न बघता लांबच्या एखाद्या झाडाकडे बघत चला.

झिरो टर्न म्हणून शेवटाला गिरकी मारायचा मोह प्रत्येकाला होतो. एक चाक जागेवर रोवलं जातं आणि त्याखाली गवत मुळासकट सोलून निघतं, बशीएवढा मातीचा डाग दिसतो. त्यापेक्षा थोडं वळून रिव्हर्स घ्यायचं आणि पुढे निघायचं. दोन्ही चाकं फिरती राहिली पाहिजेत. रिव्हर्स घेण्याआधी मान पूर्ण मागे वळवा. कॅम्पसमध्ये मुलं आवाज ऐकून जवळ येतात.

सुरू करण्याआधी आख्खं लॉन पायी फिरा. दगड, तार, स्प्रिंकलरची डोकी, चेंबरचं वर आलेलं झाकण. उन्हाळ्यात टिटवीही बघा, ती जमिनीवरच अंडी घालते. मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. दोन पावलांवरूनही ती खड्यांसारखीच वाटतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की थांबा, शोधा, चार काठ्या रोवून तेवढी जागा सोडा. आमच्याकडे साहेबांनी कधी हरकत घेतली नाही.

गवत ज्या तोंडातून बाहेर पडतं ते माणसं, गाड्या आणि काचांकडे कधीच नको. त्यावरचं झाकण काढून चालवणारे मी पाहिलेत. एक खडा सुटला तर गोळीसारखा जातो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर गवत पिवळं पडतं. पावसाळ्यात ते इतकं वाढतं की आम्हाला आठवड्यात दोनदा फिरावं लागतं, आणि डेकच्या पोटात ओल्या गवताचा आंबूस वासाचा थर चिकटतो. तो काढताना चावी खिशात आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली हवी. डेकखाली हात घालण्याआधी मी दोन्ही गोष्टी मोठ्याने म्हणतो. इंजिन गरम असताना पेट्रोल भरायचं नाही. पायात बूट, कानाला मफ, गळ्यात गमछा नको.

कामं मिळतात ती मोठ्या मोकळ्या जागांवर: खारघरचं गोल्फ कोर्स, नेरूळचं स्टेडियम, ऐरोली-घणसोलीचे आयटी पार्क, घोडबंदर रोडच्या टाउनशिप. सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, हे मशीन चढवायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. वजन तीनशे-चारशे किलोच्या घरात, आणि खाली स्लॅबवर मातीचा जेमतेम थर असतो.

सध्या माझ्या हाताखाली शहापूरचा एक मुलगा आहे. पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या मांडून त्याला रोज त्यांच्यामधून आठाचा आकडा काढायला लावतो. काल पहिल्यांदा एकही बाटली पडली नाही. ब्लेड कधी लावायचं, असं त्याने विचारलं. मी त्याला सांगितलं, आता हेच रिव्हर्समध्ये काढ.