एका नटाची कारकीर्द कशी अभ्यासावी: रिकार्दो दारीन, सोलापूरच्या हौशी रंगकर्मींसाठी

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आटोपली की सोलापुरातील हौशी कलावंतांच्या हाती जे मोकळे महिने येतात, ते बहुधा पुढची संहिता शोधण्यातच सरतात. त्याच महिन्यांत एखाद्या परभाषिक नटाची कारकीर्द ठरवून आणि क्रम लावून पाहिली, तर अभिनयाविषयी जे कळते ते दोन-चार दिवसांच्या शिबिरात क्वचितच हाती लागते. या कामासाठी मी अर्जेंटिनाच्या रिकार्दो दारीन यांचे नाव सुचवीन. १६ जानेवारी १९५७ रोजी ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेल्या या नटाचे आई-वडील दोघेही नटच होते. तो लहानपणीच रंगभूमीवर आला, ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणी मालिकांतील देखणा प्रियकर म्हणून घराघरांत पोचला, नव्वदच्या दशकात विनोदी मालिकेत रमला, आणि चाळिशी उलटल्यावर स्पॅनिश भाषेतील चित्रपटांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. देखणेपणाच्या भांडवलावर सुरू झालेला नट त्या भांडवलावाचून कसा उभा राहतो, हे या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने दिसते.

पहिली सूचना क्रमाबद्दल. पुरस्कारांची यादी समोर ठेवून पाहायला बसू नये. ऑस्कर मिळालेला चित्रपट आधी पाहिला की उरलेले सगळे त्याच्या मापाने मोजले जातात आणि नटाऐवजी चित्रपटाचीच चर्चा होते. सनावळीप्रमाणे जाणेही सोयीचे नाही, कारण सुरुवातीच्या मालिका सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी त्यांत त्या काळच्या मालिकांचा ठोकळेबाजपणाच अधिक. त्याऐवजी चित्रपटांच्या जोड्या लावाव्यात: एकच दिग्दर्शक पण भूमिका उलट्या, किंवा एकच पेशा पण माणसे वेगळी. दोन कामे शेजारी ठेवली की नटाने काय निवडले आणि काय टाकले, ते आपोआप उघडे पडते.

पहिली जोडी फाबियान बिएलिन्स्की या दिग्दर्शकाची असावी. 'नुएवे रेइनास' हा २००० सालचा चित्रपट इंग्रजीत 'नाइन क्वीन्स' या नावाने शोधावा लागतो. त्यात दारीन मार्कोस नावाचा भुरटा ठक आहे. दुर्मीळ टपाल तिकिटांची नक्कल खपवण्याचा डाव, हाताखाली एक नवखा साथीदार, आणि चित्रपटभर अखंड चालणारी जीभ. हा माणूस थांबून विचार करताना जवळजवळ दिसतच नाही. तो बोलता बोलता विचार करतो आणि समोरच्याला विचार करायला उसंत देत नाही. त्यानंतर लगेच, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, २००५ सालचा 'एल आउरा' पाहावा. दिग्दर्शक तोच, नट तोच. पण येथे तो मृत प्राण्यांत पेंढा भरणारा, अपस्माराचे झटके येणारा, फारसे न बोलणारा गृहस्थ आहे. बँक कशी लुटता येईल याचे बेत मनातल्या मनात रचणारा हा माणूस पातागोनियाच्या जंगलात एका खऱ्याच गुन्ह्यात ओढला जातो. पहिल्या चित्रपटात जे काम वाक्ये करतात, ते येथे नजर करते. बिएलिन्स्की २००६ साली वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी गेले आणि त्यांच्या नावावर हे दोनच पूर्ण लांबीचे चित्रपट राहिले, त्यामुळे ही जोडी आता कायमची पूर्ण आहे.

पाहताना मूळ स्पॅनिश ध्वनीच ठेवावा. मराठी उपशीर्षके सहसा मिळत नाहीत, इंग्रजीवर भागवावे लागते. तरीही डब केलेली आवृत्ती या अभ्यासाला निरुपयोगी, कारण निम्मा नट आवाजात असतो. सोलापूरकरांना याची फारशी अडचण वाटू नये. घरात तेलुगू किंवा कन्नड, रस्त्यावर मराठी, बाजारात दखनी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या कानाला अर्थ कळण्याआधी सूर पकडण्याची सवय असतेच. प्रत्येक चित्रपट एकदा उपशीर्षकांसह सलग पाहावा आणि मग निवडलेला एखादा प्रसंग उपशीर्षके बंद करून पुन्हा पाहावा. या दुसऱ्या पाहण्यात वही उघडी ठेवावी. वहीत गोष्ट लिहू नये; हात कुठे आहेत, समोरचा बोलत असताना हा काय करतो, आवाज कोणत्या क्षणी खाली येतो, एवढेच टिपावे.

असा एक प्रसंग सविस्तर सांगतो. २०१४ च्या 'रेलातोस साल्वाखेस', म्हणजेच 'वाइल्ड टेल्स', या सहा कथांच्या चित्रपटात दारीन इमारती स्फोटकांनी पाडणारा अभियंता आहे. मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला तो गाडी रस्त्याकडेला लावतो आणि केक घेऊन बाहेर येतो, तोवर गाडी उचलून नेलेली असते. मग ते कार्यालय, ती रांग, ती काच आणि काचेपलीकडचा कर्मचारी, जो आधी दंड भरा एवढेच सांगतो. कोणत्याही खिडकीवर दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला हा प्रसंग परका वाटणार नाही. येथे पाहण्यासारखे हे की दारीन आवाज चढवत नाही. तो मुद्दा मांडतो, पुन्हा मांडतो, सज्जन माणसाच्या हिशेबी शांतपणाने मांडतो. संताप साठतो तो जबड्यात आणि मानेत. पुढे गाडी पुन्हा उचलली जाते आणि तो अग्निशामक नळकांडे काचेवर घालतो, तेव्हा धक्का बसतो तो त्या आधीच्या शांतपणामुळे. आपल्याकडील स्पर्धेत हाच प्रवेश पहिल्या वाक्यापासून ओरडून केला जाईल आणि शेवटी चढायला पायरीच उरणार नाही. (परीक्षकही अशा ओरडण्याला गुण देतात, पण तो वेगळा विषय आहे.)

दुसरा मोठा गट हुआन होसे काम्पानेया या दिग्दर्शकाबरोबरचा. १९९९, २००१, २००४ आणि २००९ अशा चार चित्रपटांत दोघे एकत्र आले. वेळ कमी असेल तर यांतील दोन पुरेत. २००१ च्या 'एल इखो दे ला नोविया'मध्ये तो वडिलांनी उभारलेले उपाहारगृह ओढत नेणारा, बेचाळिशीचा, सतत फोनवर असलेला मुलगा आहे. आईला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि म्हाताऱ्या वडिलांना आता तिच्याशी चर्चमध्ये लग्न लावायचे आहे. हे आई-वडील म्हणजे नोर्मा आलेआंद्रो आणि एक्तोर आल्तेरियो. अर्जेंटिनाला पहिले ऑस्कर मिळवून देणाऱ्या १९८५ च्या चित्रपटातही पती-पत्नी हेच दोघे होते. दुसरे ऑस्कर आले ते 'एल सेक्रेतो दे सुस ओखोस' या २००९ च्या चित्रपटाला, आणि त्यात दारीन आहे. येथे तो न्यायालयातील कर्मचारी म्हणून १९७४ सालीही दिसतो आणि निवृत्त होऊन जुन्या खुनावर कादंबरी लिहू पाहणारा म्हणून पंचवीस वर्षांनंतरही. आपल्याकडे म्हातारा म्हटले की केसांना पावडर, हातात काठी आणि दर तिसऱ्या वाक्याला खोकला. दारीन वय दाखवतो ते उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळात. हॉलिवूडने २०१५ साली याच कथेवर चित्रपट काढला, तेव्हा शोधताना साल आणि कलाकार तपासून घ्यावेत.

तिसरी जोडी वकिलांची, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी. २०१० च्या 'कारांचो'मध्ये तो रस्ता अपघातातील जखमींच्या मागे लागून नुकसानभरपाईचे दावे पळवणारा, सनद गमावलेला वकील आहे. महामार्गावरच्या शहरात राहणाऱ्यांना हा धंदा समजावून सांगावा लागणार नाही. २०२२ च्या 'आर्खेन्तिना, १९८५'मध्ये तो हुलिओ सेसार स्त्रासेरा हा सरकारी वकील साकारतो. लष्करी राजवटीतील नऊ सेनाधिकाऱ्यांवर १९८५ साली नागरी न्यायालयात खटला चालला, तो चालवणारा हा खराखुरा माणूस. दारीनने त्याला वीरपुरुष केलेले नाही. तो सिगारेट ओढत कुरकुरणारा, घरच्यांच्या काळजीने घाबरलेला मध्यमवयीन नोकरदार आहे, म्हणूनच शेवटचे भाषण कानात राहते. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या नावाने नाट्यगृह असलेल्या गावात हा चित्रपट वेगळ्या लक्षाने पाहिला जाईल, असे मला वाटते. तो प्राइम व्हिडिओवर आहे.

'त्रुमान' हा २०१५ चा स्पॅनिश चित्रपट मात्र कोणत्याही जोडीत न बसवता स्वतंत्रपणे पाहावा. त्यासाठी दारीनला उत्कृष्ट अभिनेत्याचा गोया हा स्पेनमधील चित्रपट पुरस्कार मिळाला. कर्करोगावरील उपचार थांबवलेला नट आपल्या कुत्र्यासाठी नवे घर शोधतो, एवढीच गोष्ट. मालक गेल्यावर कुत्र्याला दुःख होते का, हे तो पशुवैद्याला विचारतो तो प्रसंग चुकवू नये.

दूरचित्रवाणीचा भाग शेवटी घ्यावा. १९९३ ते १९९६ या काळातील 'मी कुन्यादो' या विनोदी मालिकेचे तुकडे मिळाल्यास, त्यातील त्याचा जोडीदार लुईस ब्रान्दोनी २०१९ च्या 'ला ओदिसेआ दे लोस खिलेस'मध्ये पुन्हा त्याच्याबरोबर कसा रंगतो ते पाहावे. मग नेटफ्लिक्सवरील 'एल एतेर्नाउता' ही २०२५ ची सहा भागांची मालिका. वयाच्या ६८व्या वर्षी दारीन तिचा नायक आहे. ज्या चित्रकथेवर ती बेतली आहे ती १९५७ साली सुरू झाली. तिचे लेखक एक्तोर खेर्मान ओएस्तेर्हेल्ड यांना १९७७ साली लष्करी राजवटीने नाहीसे केले, आणि त्यांच्या चारही मुलींची गत तीच झाली. स्त्रासेरांचा खटला त्याच राजवटीवरचा असल्याने ही मालिका 'आर्खेन्तिना, १९८५' नंतरच पाहावी.

हे सगळे घरी पाच-सहा जणांत पाहणे उत्तम. ओटीटीचे सदस्यत्व घरगुती वापरापुरते असते, त्यामुळे हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा एखाद्या वाचनालयात जाहीर खेळ लावायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. तिची चौकशी मुंबईतील अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासापासून सुरू करता येईल. पत्रात चित्रपटाचे मूळ स्पॅनिश नाव, साल, प्रेक्षकसंख्या आणि प्रवेश विनामूल्य आहे की नाही हे स्पष्ट लिहावे.