जपानमधील पहिले वर्ष आणि माझे ‘हाइ’

पुण्यातून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ ही मधली पातळी उत्तीर्ण होऊन तोक्योला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘निहोंगो ज्योझु देसु ने’, म्हणजे ‘तुमचे जपानी छान आहे हो’, ही दाद मला इतक्या वेळा मिळाली की मी ती खरी मानली. नुसते ‘आरिगातो’ म्हणणाऱ्यालाही ती मिळते. आपल्याकडच्या ‘या, बसा’इतकाच तिचा अर्थ घ्यावा. शिवाय जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे तोंड न उघडताही एन३ पदरात पडतो, आणि ‘तीन महिन्यांत एन३’ अशी जाहिरात करणारे वर्ग नेमके तेवढेच शिकवतात, असे माझे मत आहे.

खरी फसगत ‘हाइ’ या शब्दाने केली. वर्गात आपण ‘हाइ म्हणजे हो’ असे पाठ करतो. परंतु जपानी संभाषणात ऐकणाऱ्याने मध्येमध्ये ‘हाइ’, ‘एए’, ‘नारुहोदो’ असे म्हणत राहायचे असते, त्याला ‘आइझुची’ म्हणतात, आणि गोष्ट ऐकताना आपण देतो त्या हुंकाराशी त्याचे नाते जवळचे आहे. मी हुंकार झटकन उचलला. एका बैठकीत गटप्रमुखांनी चाचण्यांच्या क्रमातील बदल वीस मिनिटे समजावून सांगितला. मला निम्मा समजला, तरी मी प्रत्येक वाक्याला ‘हाइ’ म्हणत राहिलो आणि शेवटी ‘वाकारिमाश्ता’ म्हणून मोकळा झालो. हुंकारापर्यंत काही बिघडले नव्हते. ‘वाकारिमाश्ता’ म्हणजे मात्र ‘समजले, आता ही जबाबदारी माझी’ अशी कबुली, आणि तीन दिवसांनी मी जुन्याच क्रमाने केलेले काम सर्वांसमोर आले. कोणी आवाज चढवला नाही. पुढच्या आठवड्यात एक सहकारी माझ्या शेजारी बसू लागला, मग मला इंग्रजीत सारांश येऊ लागले, आणि हळूहळू बैठकीची बोलावणीच थांबली. माझा भार हलका केला जात आहे, असे मला वाटत होते. कामातून मला बाजूला ठेवले गेले होते, हे चार महिन्यांनंतरच्या मूल्यमापनात कळले. तुम्हाला समजले नाही, असे तेथे सहसा कोणी तोंडावर म्हणणार नाही, कारण त्यात तुमचाच अपमान होईल असे त्यांना वाटते.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवणे: ‘त्सुमारी’ने, म्हणजे ‘थोडक्यात’ने, सुरुवात करावी आणि ‘तो इउ कोतो देसु का’, म्हणजे ‘असेच ना?’, असे विचारावे. जपानी उपाहारगृहातील वाढपीसुद्धा मागणी पुन्हा वाचून दाखवतो, त्यामुळे यात कोणाला वावगे वाटत नाही.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. १९९५ च्या कोबे परिसरातील भूकंपात भाषेअभावी परदेशी लोकांपर्यंत सूचना पोहोचल्या नाहीत, त्या अनुभवातून ‘यासाशी निहोंगो’ची, म्हणजे सोप्या जपानीची, चळवळ उभी राहिली, आणि २०२० मध्ये सरकारने तिची मार्गदर्शिकाही काढली. ‘यासाशी’चे सोपे आणि प्रेमळ असे दोन्ही अर्थ होतात. वॉर्ड कार्यालयाच्या खिडकीवर ‘यासाशी निहोंगो दे ओनेगाइ शिमासु’ (‘कृपया सोप्या जपानीत सांगा’) एवढे म्हटल्यावर समोरच्या बाईंनी वाक्ये तोडून, हळू आणि हाताने लिहून सांगितल्याचे मी अनुभवले आहे. घर शोधताना असे सौजन्य गृहीत धरू नका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत घर शोधलेल्या परदेशी नागरिकांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले होते, आणि तो नकार चांगल्या जपानीनेही नेहमी टळत नाही.

तोक्योतील भारतीयांची वस्ती असलेल्या निशिकासाईत राहणारे काही जुने लोक ‘इंग्रजीवर निभते’ असा सल्ला देतात. त्यांचे निभते, कारण त्यांचे फोन दुसरे कोणी करते. त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक जपानी मतदारांसमोर जपानीत बोलत होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

दीड वर्षानंतर त्याच गटप्रमुखांनी माझ्या एका मेलमधील ‘नि’ हा प्रत्यय खोडून ‘दे’ केला आणि मेल परत पाठवला. ‘ज्योझु’ ही दाद त्या कार्यालयात मला त्यानंतर कोणी दिली नाही.