हायवेवर गुरं जखमी दिसली तर काय करायचं (कोकणातल्यांसाठी)

पाऊस सुरू झाला की मुंबई गोवा हायवेवर रात्री गुरं बसलेली असतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, शेतात चिखल आणि डास, रस्ता त्यातल्या त्यात कोरडा आणि वाऱ्याचा, म्हणून ती तिथे येऊन बसतात. आणि सोडतं कोण, तर आपणच. नांगराला पॉवर टिलर आला, पाडा नकोसा झाला, 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे त्यामुळे म्हातारा बैल विकायचा कुणाला, मग एक दिवस दावं सोडायचं आणि विचारलं की "आमचा न्हय ता" म्हणायचं.

गेल्या श्रावणात कणकवलीच्या अलीकडे आम्हाला एक तांबडी गाय अशीच सापडली, मागचे पाय काम करत नव्हते, गाडीवाला केव्हाच पसार. जवळच्या घरातले एक काका छत्री घेऊन आले, आमचं नाही म्हणाले. पण त्यांचा आवाज आला की गाईचे दोन्ही कान तिकडे वळत होते. आम्ही काही बोललो नाही, रात्री साडेअकराला पावसात भांडत कोण बसणार. त्या रात्री आम्ही निम्म्या गोष्टी चुकीच्या केल्या, नंतर डॉक्टरांनी चांगलं झापलं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम गाईचं नाही, रस्त्याचं. बाईक मागे पन्नास साठ पावलांवर इंडिकेटर चालू ठेवून उभी करा, एक माणूस टॉर्च घेऊन त्याच्याही मागे, वळण असेल तर वळणाच्या पलीकडे. नाहीतर गाईबरोबर तुम्हालाही उचलावं लागेल.

मग फोन. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर, रात्री उचलतीलच असं नाही, म्हणून आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर आधीच सेव्ह करून ठेवा. रस्ता अडला असेल तर 112.

आता मुख्य गोष्ट. गाय पूर्ण कुशीवर आडवी पडली असेल तर तशी ठेवू नका. आडव्या गुराचं पोट फुगतं आणि जखमेआधी त्यानेच जातं. तिला छातीवर बसती करायची, पुढचे पाय दुमडून, आणि बाजूने पेंढा भरलेली पोती लावायची म्हणजे कलंडत नाही. रस्त्यावरून हलवायची तर शेपटी किंवा पाय धरून ओढायचं नाही (आम्ही शेपटी धरली होती, कबूल), जाड ताडपत्री किंवा दाराची फळी खाली सरकवायची आणि पाच सहा जणांनी मिळून ती ओढायची. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, हळद चहापावडर भरत बसू नका. बाटलीने तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात गेलं की संपलं, बादली समोर ठेवा, प्यायचं तर ती पिईल.

एक इशारा, हा नीट वाचा. गुराच्या तोंडातून लाळ गळतेय, घशात काही अडकल्यासारखं करतंय, असं दिसलं तर आपला पहिला विचार "आंब्याची बाठ अडकली असणार" आणि लगेच हात तोंडात. अजिबात नाही. पिसाळलेला कुत्रा चावलेली गाय अगदी अशीच करते. लाळ हाताला लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारा, उद्या बघू म्हणू नका.

मालक शोधायचा असेल तर कान बघा. पिवळा बिल्ला असेल तर त्यावर 12 आकडी नंबर असतो, फोटो काढून डॉक्टरांना द्या, त्यावरून नाव निघतं. आमच्या तांबडीच्या कानात फक्त फाटलेलं भोक होतं, बिल्ला कोणीतरी ओढून काढलेला. यावरून काय ते समजा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्यात जनावर उपाशी ठेवणं, विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये! म्हणजे एक वडापावचा खर्च. पोलीस बहुतेक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील. पण कोणी मुद्दाम विष घातलं, कोयती मारून जायबंदी केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा अर्जात 325 हा आकडा लिहाच आणि जखमेचे फोटो तारखेसकट जोडा.

बिबट्या विहिरीत पडला किंवा फासकीत अडकला, समुद्रावर जाळ्यात गुरफटलेलं कासव आलं, तर ते आपलं काम नाही, वनखात्याचं 1926 लावा. तोपर्यंत गर्दी हटवणं एवढंच करायचं. कासवाला उलटं करून सेल्फी काढणाऱ्यांना किनाऱ्यावरून हाकललं तरी पुण्य लागेल.

खरी कसोटी तिसऱ्या दिवशी असते. पहिल्या रात्री दहा जण असतात, तिसऱ्या दिवशी पाणी ठेवायला एकही नसतो. गाय उठेपर्यंत दर तीन चार तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर खालच्या बाजूला जखमा होतात, आणि पावसात त्या जखमांत दोन दिवसात अळ्या. (फिनेल, रॉकेल ओतू नका, डॉक्टरांकडून औषध आणा.) म्हणून त्याच रात्री वाडीच्या ग्रुपवर नावं आणि वेळा ठरवून टाका, पेंढा कोणाच्या माचावरून येणार तेही. आमची तांबडी नवव्या दिवशी उभी राहिली. पेंढ्याचे दोन भारे त्या काकांच्याच गोठ्यातून आले होते, पैसे घेतले नाहीत.

आणि अपघात व्हायच्या आधीचं काम म्हणजे रेडियमचे पट्टे. गळ्यात बांधताना दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवा, नायलॉनची दोरी नको, वेलक्रो हवं, कुंपणात अडकलं तर सुटतं. वासरांना बांधूच नका, मान वाढते आणि पट्टा मासात रुततो, असलं एक वासरू बघितलंय, परत बघायची इच्छा नाही. पळपुट्या गुराला लाकडाचं लोढणं अडकवलेलं असेल तर मालकाला सांगून काढायला लावा, गाडी आली की त्याला पळताच येत नाही. हे सगळं मे महिन्यात उरकून घ्या, एकदा लावणी सुरू झाली की गावात कोणाला उसंत मिळत नाही.