जनुकीय संशोधनासाठी गावात जाताय? या चुका टाळा

रोग आणि जनुकं यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांत २०१६ साली ८१ टक्के नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. त्यावरून बांधलेले आजारांचे अंदाज आपल्या माणसांना नीट लागू पडत नाहीत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचले, ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. काम सुरू झालंय, पण बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडं शिबिर लावलं की खुर्च्या रिकाम्या राहतात. लोक अडाणी आहेत म्हणून हात झटकू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रक्त न्यायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. खानापूरकडच्या एका आजींनी बाही वर करण्याआधीच विचारलं, "गेल्या खेपेला बी नेलासा की. माझी शुगर किती निघाली?" रास्त प्रश्न आहे. जनुकांचे निष्कर्ष यायला वर्षं लागतात. साखर आणि हिमोग्लोबिनचा आकडा तरी त्याच आठवड्यात घरपोच द्या. अभ्यास संपला की त्याच देवळाच्या मंडपात बसून काय सापडलं ते सांगा.

संमतीपत्र फक्त कन्नड किंवा इंग्रजीत नेऊ नका. मराठी शाळेत शिकलेली आजी आणि कन्नड शाळेत जाणारी नात एकाच घरात असतात. दोन्ही भाषांत छापा, वाचून दाखवा, मधेच नाही म्हणता येतं हेही सांगा. नमुना पुढं कशाकशाला वापरणार, ते स्पष्ट लिहा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते मनोविकार आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासातही वापरलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले.

जात विचारताना आधी कारण सांगा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पोटजातीत लग्नं झाली की काही जनुकीय दोष त्या समाजात साठत जातात. हे सांगितलं नाही तर माणसं सावध होतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. 'अमुक समाजाला तमुक रोग' अशी बातमी छापून आली तर ठरलेली सोयरीक मोडू शकते. निष्कर्ष जाहीर करण्याआधी पंचांना आणि बचत गटातल्या बायकांना दाखवा.

शहरातल्या ओपीडीत बसून नमुने गोळा केले की खानापूरच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी आणि गवळी-धनगर सुटतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले; त्यांना वगळून 'बेळगाव जिल्हा' कसा म्हणायचा?

"आम्हाला काय फायदा?" असं विचारलं तर खोटी आशा लावू नका. खरं उदाहरण द्या: हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातला, हृदय कमकुवत करू शकणारा बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे, युरोपीयांत जवळजवळ नाहीच. २००९ मध्ये तो उजेडात आला, कारण इथल्या लोकांचे नमुने तपासले गेले.

बाकी तारखा बघून ठरवा. रोप लावणीत आणि ऊसतोडीच्या हंगामात दिवसा कुणी येणार नाही. संध्याकाळी जा.